वरची तळी त्याची, खालची तळी तिची

नवराबायकोने वेगळे व्हायचे ठरवले. भांडण संपले, किंवा भांडायची ताकद संपली. आता उरतात घरातल्या वस्तू. मिक्सर कुणाचा, गादी कुणाची, मांजर कुणाकडे राहणार? मध्ययुगीन वेल्सच्या कायद्यात मांजराचेसुद्धा उत्तर लिहून ठेवले आहे : कोंबड्या आणि एक मांजर नवऱ्याला, बाकीची मांजरे बायकोला.

ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या वेल्समध्ये दहाव्या शतकात हवेल नावाचा राजा होऊन गेला. त्याला ‘हवेल दा’ म्हणतात, म्हणजे ‘भला हवेल’. वेल्सचा जुना कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. आज हाती असलेली हस्तलिखिते मात्र १३व्या शतकापासूनची आहेत आणि त्यांच्या तपशिलांत थोडाफार फरक आहे. लग्न मोडता येत नाही असे चर्च सांगत होते, त्या काळात हा कायदा लग्नाकडे करार म्हणून पाहतो. करार मोडू शकतो. मोडला तर दोघांचा संसार कसा लागेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

सात वर्षांच्या आत वेगळे झाले, तर बायकोला तिच्या घराण्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेली रक्कम मिळे. सात वर्षे संसार झाला असेल, तर चीजवस्तूंचे सरळ दोन भाग. भाग बायकोने पाडायचे आणि त्यातला एक नवऱ्याने निवडायचा. आपल्याकडे दोन भावंडांत एक लाडू वाटताना आई हेच करते : एकाने तुकडे कर, दुसऱ्याने आधी उचल. तुकडे करणारा आपोआप नीट करतो. मग कोण बरोबर हे ठरवायला तिसरा माणूस लागत नाही.

काही वस्तूंची वाटणी मात्र कायद्यानेच ठरवून दिली होती. डुकरे त्याला, मेंढ्या तिला. दुधाची भांडी, एक बादली सोडून, तिला. पेयाची भांडी त्याला. हंडा त्याला, तवा तिला. लोकर, जवस आणि जवसाचे सूत तिला. सोने-चांदी असेल तर निम्मे निम्मे. पीठ किती? कोठारातून घरापर्यंत तिला दोन हातांत उचलून नेता येईल तितके. धान्याचे कोठार त्याचे.

या यादीत काही जोड्या मुद्दाम फोडलेल्या दिसतात. जात्याची वरची तळी त्याची, खालची तिची. नांगराचा फाळ तिचा, फाळापुढे माती कापणारे पाते त्याचे. अंगावरचे पांघरूण तिचे, अंगाखालचे अंथरूण त्याचे. एका तळीने दळण होत नाही. असे का केले असेल? मला वाटते, इथे हिशेब पैशांचा नव्हता. एकाने भरला संसार घेऊन जावे आणि दुसऱ्याने रिकाम्या हाताने निघावे, हे होऊ नये. नव्याने सुरुवात दोघांनाही करावी लागेल आणि दोघांनाही अर्ध्यावरून.

निघण्याचीही रीत होती. बायकोने नऊ दिवस घरातच थांबायचे. तोवर वाटणी ठरायची. मग आधी तिच्या वस्तू उंबऱ्याबाहेर पडणार, शेवटची वस्तू गेली की तिच्यामागून ती. हाकलून दिलेली बाई आणि अशी निघालेली बाई यांत फार अंतर आहे.

पण याला सुवर्णयुग समजू नका. जमीन या वाटणीत नव्हतीच. ती पुरुषांच्या वंशात राहायची. मुलगे तीन असतील तर थोरला आणि धाकटा बापाकडे, मधला आईकडे. त्या मधल्याला काय वाटते, हे कुणी विचारत नव्हते. पुढे १५३६ आणि १५४३च्या कायद्यांनी वेल्समध्ये इंग्लंडचा कायदा पूर्णपणे लागू झाला. त्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू नवऱ्याची होत असे. म्हणजे काळ पुढे गेला आणि बाईचा निम्मा वाटा मागे पडला.

आज आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्पर संमतीने घटस्फोट घेता येतो. त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो, पण कुणी काय घ्यायचे हे दोघे आपसांत ठरवून लिहून देऊ शकतात. अडचण अशी की संसारात मिळवलेल्या मालमत्तेचे निम्मे निम्मे भाग आपला कायदा आपोआप करत नाही. ज्याच्या नावावर फ्लॅट, त्याचा फ्लॅट. गोव्यात वेगळे आहे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. बाकी ठिकाणी मात्र दहा वर्षे घर सांभाळलेल्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर नसते.

म्हणून वकिलाशिवाय, गोडीत वाटणी करायची असेल, तर दोघांनी आधी एक यादी करावी. नुसती नावावरच्या वस्तूंची नाही. कुणाच्या पगारातून हप्ते गेले, कुणी नोकरी सोडली, कुणी कुणाच्या आईचे दुखणे काढले, हेही त्यात लिहावे. मग एकाने दोन भाग पाडावेत आणि दुसऱ्याने त्यांतला एक निवडावा. मांजराचे शेवटी ठरवावे.