दाणी, विंचूरकर आणि राजेबहाद्दर : एका उपनामाचे नाशिक परिसरातील स्थलांतर

प्रस्तावना

आडनावावरून कुळ ओळखावे, ही आपल्याकडील रूढ समजूत आहे. घराण्यांच्या इतिहासाचे लेखनही बहुधा याच समजुतीवर उभे असते. अठराव्या शतकातील मराठा सरदारांच्या बाबतीत मात्र ही समजूत अभ्यासकाची दिशाभूल करू शकते. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात ठसा उमटविणाऱ्या विंचूरकर आणि राजेबहाद्दर या दोन्ही सरदार घराण्यांचे मूळ उपनाम ‘दाणी’ हेच होते. एक उपनाम एका पिढीच्या काळात दोन भिन्न उपनामांत कसे विभागले गेले आणि या घटनेचा इतिहासलेखनासाठी अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपनामाचे स्वरूप

पेशवाईतील कागदपत्रांत व्यक्तीचा उल्लेख सामान्यतः स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असा येतो. बाळाजी विश्वनाथ, विठ्ठल शिवदेव, नारो शंकर ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्या काळी उपनाम हे ओळखीचे एकमेव साधन नव्हते. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव यांनी कुळाची ओळख पटत असे. म्हणून उपनाम बदलले तरी कुळाचा धागा तुटत नसे. श्रीवर्धनचे भट हे पदावरून पेशवे झाले, तर गोखले घराण्याची एक शाखा रास्ते या नावाने प्रसिद्धीस आली. पद, किताब, गाव यांपैकी जे त्या काळी अधिक प्रतिष्ठेचे ठरे, ते उपनामाची जागा घेई.

‘कर’ प्रत्ययाचे दोन प्रकार

गावाच्या नावास ‘कर’ प्रत्यय लागून झालेली उपनामे सर्वपरिचित आहेत. सामान्यतः असे नाव गाव सोडल्यावर लागते. गावात राहणारे सर्वच त्या गावचे असल्याने तेथे या नावाने कोणाचीही वेगळी ओळख होत नाही. नीरेकाठच्या होळ गावचे घराणे माळव्यात होळकर म्हणून नावारूपास आले, ते याच नियमाने.

विंचूरकर या उपनामाचा प्रकार मात्र वेगळा आहे. विठ्ठल शिवदेव दाणी हे मूळचे सासवडचे. सासवड हे पेशव्यांच्या उदयाशी निगडित गाव असून बाळाजी विश्वनाथ यांचा मृत्यू इ.स. १७२० मध्ये तेथेच झाला. मूळ गावावरून नाव पडावयाचे तर या घराण्याचे उपनाम सासवडकर व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते आजच्या निफाड तालुक्यातील विंचूर या जहागिरीच्या गावावरून पडले. येवलेही पुढे माधवराव पेशव्यांनी विठ्ठल शिवदेव यांस दिले. म्हणजे होळकर हे नाव सुटलेल्या गावाचे, तर विंचूरकर हे मिळविलेल्या गावाचे आहे. ‘कर’ प्रत्ययाचा अर्थ लावताना मूळगाववाचक व जहागीरवाचक असा भेद न केल्यास घराण्याचे मूळस्थान चुकीच्या गावी शोधले जाण्याचा संभव असतो.

नारो शंकर : एका पुरुषाची तीन नावे

नारो शंकर दाणी यांचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. इ.स. १७४२ मध्ये ते झाशीचे सुभेदार झाले. तेथील किल्ल्याचा त्यांनी विस्तार केला. इ.स. १७५७ मध्ये त्यांना परत बोलाविण्यात आले. इ.स. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्याकडे सोपविला. विठ्ठल शिवदेव त्याच मोहिमेत पानिपतच्या रणांगणावर होते. तेथून ते बचावले व इ.स. १७६७ मध्ये निवर्तले. नारो शंकर यांनी इ.स. १७४० च्या सुमारास मालेगावी मोसम नदीकाठी भुईकोट किल्ल्याचे बांधकाम आरंभिले होते. त्यांच्या घराण्यास मात्र मालेगावकर हे नाव न पडता राजेबहाद्दर हा किताबच उपनाम म्हणून रूढ झाला.

नाशिककरांच्या बोलण्यात याच पुरुषाचे तिसरे नाव टिकून आहे. गोदावरीकाठी पंचवटीत इ.स. १७४७ मध्ये त्यांनी बांधविलेले रामेश्वराचे देवालय ‘नारोशंकराचे मंदिर’ म्हणून ओळखले जाते. वसईच्या विजयाचे स्मारक असलेली तेथील पोर्तुगीज घंटा ही ‘नारोशंकराची घंटा’ होय. येथे ना दाणी आहे, ना राजेबहाद्दर. स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र जोडण्याची पेशवेकालीन रीत लोकांच्या बोलण्यात जशीच्या तशी राहिली आहे.

स्कॉटलंडमधील कुलनामांशी तुलना

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील कुलनामे जगभर अभ्यासली गेली आहेत. ‘मॅक’ म्हणजे पुत्र. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचे वंशज. तथापि कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाची अनेक कुटुंबे रक्ताचे नाते नसतानाही त्याचेच नाव लावीत. तेथेही जमिनीवरून नाव पडे : कॅमेरॉन कुळाच्या प्रमुखास त्याच्या जहागिरीवरून ‘लोकिएल’ म्हणत, परंतु त्यामुळे कॅमेरॉन हे कुलनाम पुसले गेले नाही. इ.स. १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर कुळप्रमुखांची सत्ता मोडली आणि पुढे ही नावे स्थलांतरितांबरोबर नोव्हा स्कोशियासारख्या दूरदेशी पोहोचली. तात्पर्य, तेथे भिन्न रक्ताचे लोक एका नावाखाली आले. येथे एकाच मूळ नावाचे लोक दोन नावांत विभागले गेले. दोन्हीकडे उपनाम हा वंशापेक्षा सत्तासंबंधाचा पुरावा ठरतो.

उपनामाचे स्थिरीकरण

ब्रिटिश राजवटीत उपनामांची ही प्रवाही अवस्था संपुष्टात आली. इ.स. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करावयाचे तर वंशावळ सादर करणे भाग होते. त्यानंतर शाळा, न्यायालय व सरकारी दप्तर यांच्या नोंदींनी उपनाम कायमचे झाले. विंचूरकर हे नाव पुण्यासही पोहोचले. लोकमान्य टिळकांचे वास्तव्य व इ.स. १८९४ मधील सार्वजनिक गणेशोत्सव यांमुळे विंचूरकर वाडा महाराष्ट्राच्या इतिहासात गेला. निफाड तालुक्यातील एका गावाचे नाव अशा रीतीने पुण्याच्या सार्वजनिक जीवनाशी जोडले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अठराव्या शतकात उपनाम हे कुळाचे नव्हे, तर प्राप्त अधिकाराचे चिन्ह होते. दुसरी, ‘कर’ प्रत्ययान्त नावातील गाव हे घराण्याचे मूळस्थान असेलच असे नाही. तिसरी, जुन्या कागदपत्रांत केवळ विंचूरकर किंवा राजेबहाद्दर हे नाव शोधणाऱ्यास विठ्ठल शिवदेव व नारो शंकर या नावांनी असलेले कागद सापडणार नाहीत. नाशिक जिल्ह्यात घरोघरी जुने रुमाल आजही जपलेले आढळतात. त्यांची सूची करताना उपनामाबरोबर व्यक्तिनाम, पितृनाम व मूळ गाव नोंदविले नाही, तर एका घराण्याचे कागद दोन घराण्यांचे म्हणून कायमचे वेगळे पडतील. स्वातंत्र्योत्तर काळातील कायद्यांनी जहागिऱ्या व इनामे संपुष्टात आली. त्यांची उपनामे तेवढी मागे उरली. त्या नावांमागील मूळ नाव नोंदवून ठेवणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.