तरवारीची पारख

दसरा जवळ आला की आमच्या सातारा-सांगलीकडे कुणी ना कुणी गाठून विचारतोच, “गुरुजी, एक जुनी तरवार मिळते आहे, घेऊ का?” खंडेनवमीला देवापुढे ठेवायची म्हटल्यावर ती खरी हवी, हे ओघानेच आले.

मी आधी मूठ पाहतो. आपल्याकडे पाते मुठीत बहुधा लाखेने बसवीत. लाख तापवून मोडके पाते काढावे, दुसरे बसवावे, ही जुनीच वहिवाट. त्यामुळे मूठ आजोबांची आणि पाते नातवाचे निघाले तर ती लबाडी नव्हे. सांध्याला वेल्डिंगची रेघ दिसली, तर मात्र खुशाल घरी परतावे! गंजही बोलतो. जुना गंज काळपट, पोलादाला घट्ट धरून असतो. बोटाला तांबडी पूड लागली तर तो कालपरवाचा. जौहरी पोलादाची लहर घासून पुसट झाली तरी तेजाब लावताच पुन्हा उमटते, कारण ती धातूच्या पोटातच असते. वरवर काढलेली नक्षी एकदा घासली की गेली.

परदेशी पाते पाहून नाक मुरडू नये. मराठ्यांनी अशी पाती आवडीने वापरली; ‘फिरंग’ हे नावच त्यावरून पडले. २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने परत मिळवलेल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या तरवारीवर तो शब्द देवनागरीत कोरलेला आहे.

तरीही अक्षरांवर माझा विश्वास सर्वांत कमी. २०२४ च्या जुलैत लंडनची वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. त्यांच्या पेटीवरचा इंग्रजी लेख सांगतो की, यांनी शिवाजीने मोगल सरदाराला मारले. अहो, अफझलखान विजापूरचा! शिवाय ती ज्याला मिळाली असे लेख म्हणतो, तो ग्रँट डफ साताऱ्यास आला १८१८ साली. प्रतापगडचा प्रसंग १६५९ चा. लंडनचे संग्रहालयही ती महाराजांचीच, असे खात्रीने म्हणत नाही.

सांगलीकडे एकाने मला तरवार दाखवली. मूठ, लाख, गंज, सारे अस्सल; पाते अठराव्या शतकातले असावे. पटवर्धनांच्या एखाद्या शिलेदाराबरोबर ती १७९५ साली खर्ड्यालाही गेली असेल, कोण जाणे! पण तिच्यावर ताजे कोरले होते: ‘इ. स. १६७४’. राज्याभिषेक झाला शके १५९६ मध्ये. तिथल्या कारागिराला इसवी सन कुठून सुचावा? इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या सोहळ्याला होता खरा, पण तो काही तरवारी कोरायला आला नव्हता.

नवी तरवार जुनी म्हणून विकली तर गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. इथे मात्र एका खऱ्या शिपायाची खरी तरवारच खोटी करून टाकली होती. मी विक्रेत्याकडे परवाना मागितला. शंभर वर्षांवरच्या वस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्याने तो लागतो. त्याने विषय बदलला.

धारेला मधोमध तीन खाचा होत्या, दुसऱ्या पात्याचे घाव झेललेल्या. मी त्यांवरून बोट फिरवत होतो, तेव्हा तो लगबगीने म्हणाला, “ते घासून साफ करून देतो, गुरुजी.”