चॅन्सेलर जॉर्ज विथ

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या सात प्रतिनिधींच्या सह्या आहेत. त्यांत सर्वांत वरची सही टॉमस जेफर्सनची नसून त्याचे कायद्यांतील गुरु जॉर्ज विथ यांची आहे. शिष्याची कीर्ति जगभर झाली. गुरूंचें नांव मात्र आमच्याकडील अभ्यासकांसहि क्वचितच ठाऊक असतें. १७२६ मध्यें जन्म, १७७७ मध्यें राज्याच्या प्रतिनिधिसभेचें अध्यक्षपद, पुढच्याच वर्षीं चॅन्सरी न्यायालयांत नेमणूक, १७७९ पासून विल्यम अँड मेरी कॉलेजांत कायद्याचें अध्यापन, हा क्रम कोणत्याहि चरित्रकोशांत सांपडेल. आम्हांस त्यांच्या आयुष्याची अखेरच अधिक विचारार्ह वाटते.

राइट नांवाच्या घराण्यांतील गुलाम स्त्रियांचा दावा त्यांच्यापुढें आला. आपलें मातृकुळ अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचें, सबब आपण स्वतंत्र, असें त्यांचें म्हणणें. विथ यांनीं त्यांस मुक्त केलें. शिवाय, स्वातंत्र्य हा मनुष्यमात्राचा जन्मसिद्ध हक्क असल्यामुळें गुलामगिरी शाबीत करण्याचा भार मालकावरच पडतो, असेंहि ठरविलें. १८०६ च्या नोव्हेंबरांत वरिष्ठ न्यायालयानें निकाल कायम ठेवला, पण हें तत्त्व झिडकारलें. तें कृष्णवर्णीयांस लागू नाहीं असें सांगणारे न्यायमूर्ति टकर हे विथ यांचेच विद्यार्थी. आणि दहा वर्षांपूर्वीं ह्याच टकरांनीं गुलामगिरी क्रमाक्रमानें बंद करण्याची योजना छापली होती!

हें ऐकण्यास गुरु हयात नव्हते. २५ मे रोजीं रिचमंड येथील राहत्या घरीं न्याहारीनंतर ते स्वतः, त्यांच्या आश्रयास असलेला मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णी मुलगा, आणि त्यांनींच मुक्त केलेली स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स, अशीं तिघेंहि आजारी पडलीं. मुलगा आठवड्यांत गेला, विथ ८ जूनला, लिडिया वांचली. संशय बहिणीच्या नातवावर, जॉर्ज स्वीनीवर आला. विथ यांच्या नांवें खोटे चेक वटविल्याचा आरोपहि त्याच्यावर होताच. मरणापूर्वीं विथ यांनीं त्यास मृत्युपत्रांतून वगळलें. लिडियानें त्याला कॉफीच्या भांड्यापाशीं पाहिलें होतें असें म्हणत. पण गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कायद्यास चालत नसे. खुनाच्या आरोपांतून स्वीनी सुटला.

ही बंदी जुनीच. परंतु स्वातंत्र्यानंतर राज्याच्या कायद्यांची फेररचना झाली तेव्हां ती मसुद्यांत पुन्हां आली, व १७८५ मध्यें मंजूर झाली. ते मसुदे १७७९ मध्यें सभागृहापुढें आले ते जेफर्सन व विथ यांच्या सहीनें. हें कलम विथ यांच्या लेखणीचें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण सही त्यांची होती, हें त्यांच्या चाहत्यांनीं विसरूं नये.

विथ यांचा ग्रंथसंग्रह मृत्युपत्रान्वयें जेफर्सनकडे गेला. पुढल्या वर्षीं लिडियानें जेफर्सनला पत्र लिहून साह्य मागितलें. त्यानें ५० डॉलर पाठविले.