सोळा हजार टाके आणि बत्तीस दिवसांचं युद्ध

आजचा भाग मी कळवणहून रेकॉर्ड करतोय. बाहेर लाल कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघालेत, त्यामुळे मधूनच आवाज आला तर सांभाळून घ्या.

दिवाळीला घरी आलो आणि वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून इथेच राहिलो. माझं टेबल खिडकीपाशी आहे. खिडकीबाहेर ओटा, आणि ओट्यावर आजी. वय ऐंशी. हातात दोन सुया, मांडीवर पिवळ्या लोकरीचा गुंडा. माझ्या ताईचं बाळंतपण डिसेंबरमध्ये आहे आणि आजीला बाळ यायच्या आत स्वेटर पूर्ण करायचाय. म्हणजे आमच्या घरात सध्या दोन डेडलाइन चालू आहेत. एक माझ्या रिलीजची, एक तिची.

तिचा दिवस सांगतो. पाचला उठते. चहा, आंघोळ, देवपूजा, भाजी निवडणं. विणायला बसते दहा वाजता, ओट्यावर ऊन आलं की. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं बोललं की म्हणते, "आधी स्वेटर, मग डोळे." त्यामुळे उन्हाशिवाय तिला टाका दिसत नाही. साडेअकराला ऊन सरकतं, की काम बंद. रात्री ती सुईला हात लावत नाही. दिवसाला फार तर दीड तास.

मी इंजिनिअर, त्यामुळे हिशेब केलाच. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या. सगळे मिळून साधारण सोळा हजार टाके. तिचा वेग मिनिटाला पंधरा. म्हणजे अठरा तास. दीड तासाने भागा, बारा दिवस. सोपं वाटतं ना? पण परवा तिच्या बोटांना बाहीत एक सुटलेला टाका लागला. डोळ्यांना नाही, बोटांना. बारा ओळी खाली. मी म्हटलं, "राहू दे गं, कुणाला दिसतोय?" तिने सुई काढली आणि बाराच्या बारा ओळी उसवल्या. एका सकाळचं काम गेलं.

त्या दिवशी मी तिला फोनवर एक स्वेटर दाखवला. "आजी, चारशे रुपये. परवा घरपोच. कशाला डोळे फोडतेस?"

ती म्हणाली, "जवानांचे काय दुकानात मिळत नव्हते?"

मी विचारलं, "कुठले जवान?"

तर मंडळी, आजची गोष्ट इथून सुरू होते.

साल १९६२. आजी तेव्हा सतरा वर्षांची, शिकायला मामाकडे नाशिकला. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. पूर्वेकडे नामका चू नदीच्या खोऱ्यात आपले जे सैनिक होते, त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर सुती गणवेश होते, पायात कॅनव्हासचे बूट. सपाटीवरून घाईघाईने पाठवलेले लोक, आणि समोर हिमालयातली थंडी. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. लोकांनी संरक्षण निधीला पैसे दिले, बायकांनी अंगावरचं सोनं दिलं. आणि देशभर शाळांत, महिला मंडळांत, घराघरांत बायका सुया घेऊन बसल्या. स्वेटर, मोजे, मफलर.

आजीच्या शाळेत बाईंनी मुलींना लोकर वाटली. हिरवट खाकी रंगाची. आजी सांगते, माप सगळ्यांना एकच दिलं होतं, मोठ्या माणसाचं. कोण घालणार ते माहीत नाही. अभ्यास, मामीला मदत, आणि रात्री कंदिलाजवळ विणकाम.

आता इथे जरा थांबू, कारण विणकाम ही तशी आपल्याकडची जुनी गोष्ट नाही. आपल्याकडे लोकर होती, पण तिची घोंगडी व्हायची, मागावर, उभ्या-आडव्या धाग्यांनी. मराठीत दोन्हीला 'विणणं'च म्हणतात, पण काम वेगळं. सुयांवरच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे जातो. म्हणून ते ताणलं जातं, अंगाला बसतं, आणि एक टोक ओढलं की सगळं उसवतं. सुयांवर विणलेल्या कापडाचे फार जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेत, सुती मोजे, आठशे-हजार वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे ही कला पसरली ती इंग्रजांच्या काळात, मिशनच्या शाळांतून, मडमांकडून.

आणि मशीनचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्येच केलं होतं. तरी पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बायका सैनिकांसाठी हाताने मोजे विणत होत्या, कारण खंदकातल्या चिखलात ओल्या मोज्यांनी पाय सडायचे आणि कितीही मोजे आले तरी कमीच पडायचे. मोज्याचं टोक शिवण न दिसता जोडायच्या टाक्याला आजही 'किचनर' म्हणतात. हा तोच लॉर्ड किचनर, जो त्याआधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता.

आता १९६२ चा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या स्वेटरला बाळाच्या स्वेटरच्या तीन-चार पट टाके. शाळा सांभाळून रोज दीड-दोन तास. हात कितीही चालला तरी तीन-चार आठवडे गेलेच. आणि युद्ध किती दिवस चाललं? २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर. बत्तीस दिवस. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेत ऐकलेलं वाक्य तेव्हाचं. पुढच्याच वर्षी ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, तेही आपल्या नाशिकमधून.

म्हणजे सरळ आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ज्यांनी लोकर हातात घेतली, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे स्वेटर युद्ध थांबलं तेव्हा सुयांवरच असणार. आजीचाही होता. पाठ झाली होती, पुढचा भाग अर्धा.

मी तिला विचारलं, "मग? उसवलास?" आमच्या कामात असंच होतं. प्रोजेक्ट बंद झाला की कोड तिथेच पडून राहतो.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा. "अरे बाळा, युद्ध थांबलं. थंडी थांबली होती का?"

खरंय. सैनिक डोंगरावरच होते. डिसेंबर होता, जानेवारी यायचा होता. बाईंनी जानेवारीपर्यंत स्वेटर गोळा केले. आजीचा कुणी घातला, कुठे गेला, तिला माहीत नाही. तिने कधी विचारलंही नाही.

आपण १९६२ बद्दल बोलतो तेव्हा नेहरू, कृष्ण मेनन, नकाशे, चुका यांवर बोलतो. बोलायलाच हवं. तो हरलेला महिना होता. पण माझ्यासाठी आता त्या महिन्यात एक सतरा वर्षांची मुलगीही आहे, जी युद्ध संपल्यावर रोज रात्री कंदिलाजवळ बसून बाही पूर्ण करतेय. मी तिची डेडलाइन चुकीची समजत होतो. तिची तारीख युद्धाने ठरवलेली नव्हतीच.

तो चारशे रुपयांचा स्वेटर मी कार्टमधून काढून टाकला. ऑपरेशनचं मात्र सोडलं नाही. भांडून, जानेवारीतली तारीख घेतलीय.

आज सकाळची स्थिती अशी: एक बाही बाकी, ताईच्या तारखेला आठ दिवस. दहा वाजले की मी माझी खुर्ची ओट्यावर नेतो आणि ओळी मोजतो. सुटलेला टाका मला अजून सापडत नाही. तिला सापडतो.

तुमच्या घरी ६२ किंवा ६५ साली कुणी जवानांसाठी विणलं असेल, तर त्यांना आजच विचारा, आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. भेटू पुढच्या भागात.