खिळ्यांपासून पडद्यापर्यंत : पृष्ठरचनेच्या विद्येची वाटचाल

पृष्ठरचना ही मुळात हाताची आणि नजरेची विद्या होय. शिशाच्या खिळ्यांच्या काळी नवशिका जुळारी प्रथम केसमधील घरे पाठ करी आणि मग उलटी अक्षरे जुळवू लागे. देवनागरीतील मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जात. साहजिकच हात बसण्यास वर्षे लागत.

१९८५ साली या परंपरेस कलाटणी मिळाली. अमेरिकेतील सिॲटल येथे पॉल ब्रेनर्ड यांनी स्थापन केलेल्या आल्डस कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी ‘पेजमेकर’ तयार केले. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा व ॲपलचा लेझर प्रिंटर यांची त्यास जोड मिळाली आणि टेबलावर बसून पृष्ठ रचणे शक्य झाले. कंपनीचे नाव व्हेनिसचे थोर मुद्रक आल्डस मनुशियस यांच्यावरून घेतले होते.

मराठीसाठी पुण्यात सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आणि मॉड्युलर इन्फोटेकने ‘श्रीलिपी’ विकसित केली. गावोगावी डीटीपीचे वर्ग निघाले. आज्ञावलीच्या कळा काही आठवड्यांत आत्मसात होत. परंतु समास किती सोडावा, दोन ओळींत किती अंतर ठेवावे, वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेस कोठे भिडतो, हे कोणतीही कळ शिकवीत नसे. संगणकाकडे वळलेल्या जुन्या जुळाऱ्यांजवळ मात्र ती नजर होती. ज्यांना वळता आले नाही, त्यांच्या हातचे काम गेले.

१९९४ मध्ये आल्डस कंपनी ॲडोबीत विलीन झाली, १९९९ मध्ये ‘इनडिझाइन’ आले आणि २००१ ची सातवी आवृत्ती पेजमेकरची अखेरची ठरली. शिकलेल्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. त्याहून मोठी अडचण अक्षरांची होती. प्रत्येक फॉन्टची संकेतपद्धती निराळी असल्याने एका फॉन्टमधील मराठी मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांसारखा दिसे. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी होती, पण पेजमेकर युनिकोड जाणत नव्हते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची नीट सोय २०१२ च्या ‘सीएस ६’ आवृत्तीत झाली. परिणामी त्या काळातील कित्येक संस्थांचे अहवाल व स्मरणिका जुन्या फायलींत अडकून पडल्या. त्या रूपांतरित कराव्या लागतात, अन्यथा छापील प्रतीवरून पुन्हा टंकित कराव्या लागतात.

साधने बदलत राहतील. शिकवणाऱ्याने शिष्यास साधनाबरोबर नजरही द्यावी आणि छापलेली एक प्रत जपून ठेवण्याची सवय लावावी, हाच या वाटचालीचा बोध होय.