दातवणाची काडी आणि हिरडी

पैनगंगेच्या दक्षिणेला आदिलाबाद जिल्ह्यात सागाच्या जंगलात खैर आणि मोह वाढतात, तर बांधाबांधावर कडुनिंब दिसतो. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठीभाषक भाग या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. पण सकाळी निंबाची काडी चावण्याची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होती. मराठीत ते दातवण, तेलंगणी बोलीत याप-पुल्ला.

या रीतीचे नियम जुने आहेत. चरकसंहितेत टोक ठेचलेली काडी दिवसातून दोनदा वापरायला सांगितली आहे. सुश्रुतसंहितेनुसार काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ. दोन्ही ग्रंथांची अट मात्र एकच: हिरडीला इजा होता कामा नये. म्हणून काडी आधी दाढेखाली चावतात. साल सुटते, तंतू मोकळे होऊन मऊ कुंचला तयार होतो आणि मगच दात घासायला सुरुवात होते.

या अटीमागचे कारण पेशींच्या पातळीवर दिसते. दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेले नसते. मधे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. चावताना त्यावर येणारा ताण त्यातील पेशींना जाणवतो, आणि त्या आपले तंतू व शेजारचे हाड सतत नव्याने घडवत राहतात. दात एका दिशेला सतत ढकलला गेला, तर दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि ओढीच्या बाजूला नवे तयार होते. वाकडे दात तारेने सरळ करता येतात ते यामुळेच. हिरडीलाही बेताचे घर्षण मानवते: प्राण्यांवरील प्रयोगांत ब्रशच्या घासण्याने हिरडीतील पेशींचे विभाजन वाढलेले आढळले. घर्षण जोराचे झाले की मात्र हिरडी सोलवटते, हळूहळू खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. न चावलेली, टणक काडी हेच करते.

काडीच्या जोडीला राखुंडी आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्रीही घरोघरी आली. राखुंडीचे भरड कण दात झिजवतात. मिश्री हिरडीला जाळते आणि व्यसनही लावते. १९३८ साली नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि पुढे तो खेड्यांतही पोचला. साधन बदलले तरी दंतवैद्य आजही मऊ केसांचा ब्रश आणि हलका हातच सांगतात.