डिसेंबरात सुरतेने निरोप दिलेले दोघे



आगमनकाळ आला की आपली लगबग ताऱ्यांची, करंज्यांची आणि कॅरलच्या सरावाची. याच महिन्यात आपल्या सुरतेने निरोप दिलेल्या दोन परदेशी ख्रिस्ती माणसांची आठवण मात्र निघत नाही.

पहिला इंग्रज प्रवासी टॉमस कोरियट. यरुशलेमेचे दर्शन घेतलेला हा माणूस अलेप्पोहून अजमेरपर्यंत पायी आला. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला पोहोचला तो जुलाबाने खंगलेला. देशबांधवांकडे मिळालेली दारू त्याला सोसली नाही. तो इथेच वारला.

दुसरा हेंद्रिक व्हान रेडे, डच कंपनीचा अधिकारी. १५ डिसेंबर १६९१ रोजी सुरतेकडे येताना जहाजावरच त्याने प्राण सोडला. कतारगाम दरवाज्याकडच्या डच कबरस्थानात त्याची भव्य घुमटाची कबर आहे. लोक घुमट पाहून परततात. मला मात्र त्याचे खरे स्मारक वाटते ते 'हॉर्टस मलबारिकस', मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ. शिपाईगिरी करत आलेल्या या माणसाने इथल्या जाणत्यांना विचारले आणि त्यांची नावेही छापली: वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण. त्या तिघांचे कोकणी निवेदन १६७८ च्या पहिल्या खंडात चक्क नागरी लिपीत आहे!

येत्या १५ तारखेच्या सायंप्रार्थनेत कोरियट आणि व्हान रेडे यांच्याबरोबर या चौघांचीही नावे घेऊ. मुलांकडून उच्चार आधीच घोटून घेतले आहेत. 'इट्टी अच्युतन' जमले, 'कोरियट' अजून अडखळते.